आपलं ताट आणि आपले समज

(लोणावळ्यात झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

समोर बसलेल्या माझ्या भगिनींनो, बंधूंनो, आणि मागे खुर्च्या कमी पडल्या म्हणून उभ्या राहिलेल्या मुलामुलींनो,

मला विषय दिला आहे 'रोजच्या खाण्यातले समज-गैरसमज'. अशा भाषणात लोकांना एक यादी हवी असते. हे खा, हे खाऊ नका, हे सकाळी, ते रात्री. अशा याद्या तुमच्या मोबाईलवर रोज येतात, त्यात मी आणखी एक वाढवणार नाही. मी तुम्हाला एक प्रश्न देणार आहे. खाण्याबद्दलचा कुठलाही समज कानावर आला, मग तो दादीने सांगितलेला असो नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, त्याला एवढंच विचारायचं: हा समज कुणाच्या ताटातून काय काढून घेतो?

काही समज कुणाचंच काही घेत नाहीत. 'गाजर खाल्लं की चष्मा जातो' म्हणतात. चष्मा काही जात नाही, पण गाजर पोटात जातं. असा समज राहिला तरी बिघडत नाही. पण गरोदर सुनेला 'अंडं उष्ण असतं' म्हणून अंडं द्यायचं नाही, बाळंतिणीला 'पाणी कमी पी' म्हणायचं, या समजांची किंमत मोजावी लागते. आणि ती मोजणारी माणसं बहुतेक वेळा तीच असतात, जी घरात सर्वांत शेवटी जेवतात.

कुणी म्हणेल, परंपरेने चालत आलेलं तपासायचं कशाला? आपण लोणावळ्यात बसलो आहोत, म्हणून इथलंच उदाहरण देते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथं कैवल्यधाम सुरू केलं. योगासनांबद्दल जे पिढ्यान् पिढ्या सांगितलं जात होतं, ते त्यांनी क्ष-किरणांसारख्या साधनांच्या मदतीने मोजून पाहिलं आणि निष्कर्ष 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. त्यांची योगावर श्रद्धा होती, तरीही त्यांनी मोजलं. मोजण्याने परंपरेचा अपमान होत नाही, तिच्यातलं खरं काय ते हाती लागतं. स्वयंपाकघरातही आपण तेच करू या.

गूळ, साखर आणि आपली चिक्की

सुरुवात चिक्कीपासूनच करायला हवी, नाहीतर लोणावळेकर मला घाट उतरू देणार नाहीत.

बोरघाटातल्या रेल्वेच्या कामावर राबणाऱ्या मजुरांसाठी शेंगदाणे-गुळाचा हा पदार्थ विकला जाऊ लागला, अशी हकीकत इथं सांगितली जाते. घाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला खिशात मावेल, टिकेल आणि पटकन ताकद देईल असं खाणं हवं असतं. त्याच्यासाठी गूळ आणि शेंगदाणे ही जोडी अगदी योग्य होती. आज तीच चिक्की आपण गाडीत बसून खातो आणि म्हणतो, 'गुळाची आहे, चालते. शुगरवाल्यांनाही चालते.'

नाही चालत. १०० ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० कॅलरी मिळतात, तेवढ्याच गुळातून सुमारे ३८०. गूळ म्हणजे मुख्यतः उसाची साखरच. त्यात थोडं लोह आणि काही क्षार असतात हे खरं, पण रक्तातली साखर वाढवायच्या बाबतीत दोघांत फार फरक नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर, मग ती गूळ असो, मध असो, दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. म्हणजे साधारण सहा चमचे. चिक्कीत दाणे आणि गूळ निम्मे-निम्मे धरले, तर ५० ग्रॅम चिक्कीतच तो हिशेब पुरा होतो. चहातली साखर अजून मोजलेलीच नाही.

मग चिक्की वाईट का? तिच्यातला शेंगदाणा फार चांगला आहे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांत सुमारे सात ग्रॅम प्रथिनं असतात, साधारण एका अंड्याएवढी. गरिबाचं बदाम म्हणतात ते उगीच नाही. तेव्हा शाळेतल्या, धावणाऱ्या, बारीक पोराला चिक्कीचा तुकडा जरूर द्या. मधुमेह असलेल्या अब्बांना मात्र नुसते भाजलेले दाणे द्या.

एक गोष्ट मावळासाठी खास सांगते. आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल असते. दाण्यांना बुरशी येते. 'भाजले की सगळं मरतं' हा समज धोक्याचा आहे. बुरशीमुळे दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, ते यकृतावर घाव घालतं आणि घरच्या भाजण्याने पुरतं जात नाही. काळपट, सुरकुतलेला, कडवट लागणारा दाणा सरळ फेकून द्या. तिथं काटकसर नको.

भाताला बदनाम का केलं?

मावळ हे भाताचं आगर. ज्या इंद्रायणी तांदळाचा वास पुण्या-मुंबईच्या दुकानांत दरवळतो, तो वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांपर्यंत आला. आपल्याच तालुक्याची ही देणगी. आणि आता आपल्याच घरांत ऐकू येतं, 'भात सोडला, वजन वाढतं.'

१०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५० कॅलरी मिळतात. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठातूनही जवळपास तेवढ्याच. भाताने माणूस जाड होतो आणि चपातीने होत नाही, असं शरीराचं काही गणित नाही. फरक पडतो तो प्रमाणाने. चपात्या आपण मोजून खातो, भात मोजत नाही. डोंगरासारखा भात आणि त्यावर चमचाभर पातळ आमटी, हे ताट बिघडलेलं आहे. त्याच भाताचा ढीग निम्मा करा, त्यावर घट्ट वरण, शेजारी पालेभाजी, काकडी, हे ताट सुधारलेलं आहे. भाताच्या प्रथिनात जे कमी असतं ते डाळीत असतं, डाळीत जे कमी असतं ते भातात असतं. वरण-भात, खिचडी, इडली, आपला दालचा-खाना, हे सगळे पदार्थ आपल्या बायकांनी प्रयोगशाळेशिवाय जमवलेले आहेत. दालच्यात तर डाळ, दुधी आणि थोडं गोश्त, सगळं एका भांड्यात. मी याला अडाणीपणा कसा म्हणू?

मधुमेहींना भाताबद्दल जपावं लागतं, हे मात्र खरं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांनी भात थोडा घ्यावा, डाळ-भाजीबरोबर घ्यावा आणि साखर तपासत राहावं. पण म्हणून घरातल्या सगळ्यांनी भात सोडायचा आणि शहरातून महागडी पाकिटं आणायची, याची गरज नाही.

तांदूळ पांढराशुभ्र हवा, या हौसेबद्दल मात्र बोलायला हवं. १८९०च्या दशकात जावा बेटावर आयकमन नावाच्या डच डॉक्टरांना दिसलं की नुसत्या सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की सावरतात. माणसांना होणाऱ्या बेरीबेरी या रोगाचा उलगडा त्यातून सुरू झाला, आणि १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. कोंड्यात ब जीवनसत्त्वं असतात. आपल्या आजीचा हातसडीचा लालसर तांदूळ त्या अर्थाने शहाणा होता. तो मिळत नसेल तर निदान कमी पॉलिशचा घ्या, दोनदाच धुवा आणि पेज ओतून देऊ नका. मीठ-जिरं घालून ती पोरांना प्यायला द्या.

लाल म्हणजे रक्त नव्हे

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर इथं आले आहे, तिच्याकडे वळते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांत हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास आहे. इथं बसलेल्या बायकांनी आपल्या डाव्या-उजव्या बाजूला पाहा. दोघींत एक. जिना चढताना धाप लागते, दुपारी डोकं धरतं, केस गळतात, काम उरकत नाही. घरचे म्हणतात, 'आळशी झाली आहे.' ती आळशी नसते. तिचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलेलं असतं आणि ते कुणी मोजलेलं नसतं.

यावर उपाय काय सांगितला जातो? बीट खा, डाळिंब खा. का, तर ते लाल असतं. बिटाचा लाल रंग हा एका रंगद्रव्याचा असतो, लोहाचा नव्हे. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. बाईला दिवसाला लोह हवं २९ मिलिग्रॅम, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. नुसत्या बिटावर भागवायचं तर रोज साडेतीन किलोहून जास्त बीट लागेल. डाळिंबाची तीच गोष्ट, आणि त्याचा भाव तुम्हाला माहीत आहे. बीट चांगलंच आहे, जरूर खा. पण शंभर रुपयांची डाळिंबं आणून 'आता हिचं रक्त वाढेल' म्हणून निश्चिंत होऊ नका.

लोह कशात असतं? कलेजीत, गोश्तात, आणि तिथलं लोह शरीर सहज घेतं. कडधान्यांत, हळिवात, बाजरीत, तिळात, हिरव्या पालेभाज्यांतही असतं, पण तिथलं शरीर जरा हट्टाने घेतं. त्याला मनवायला सोबत आंबट लागतं. लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो. मटकीच्या उसळीवर अर्धं लिंबू पिळलं की त्याच उसळीचं काम वाढतं. खर्च किती? दोन-तीन रुपये.

आणि केलेलं काम बिघडवतो कोण? आपला चहा. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या घेतलेला चहा पोटात गेलेल्या लोहाला धरून ठेवतो आणि त्याचं शोषण निम्म्याहून खाली जाऊ शकतं. बायकांचं जेवण म्हणजे पुष्कळ ठिकाणी उभ्या उभ्या चहा आणि चपाती. चहा सोडा असं मी म्हणत नाही, माझं कुणी ऐकणारही नाही. चहा आणि जेवण यांत एक तासाचं अंतर ठेवा.

रक्त फारच कमी असेल तर नुसत्या खाण्याने भरून निघत नाही, गोळी लागतेच. सरकारी केंद्रात गरोदर बाईला ती १८० दिवस फुकट मिळते. आणि तीच गोळी घरातल्या फळीवर पडून राहते. कारण? 'गोळीने पोर काळं होतं.' 'बाळ मोठं होतं, सिझर करावं लागतं.' मुलाचा रंग आई-बापाकडून येतो, गोळीतून नाही. तसंच केशराच्या दुधाने तो गोराही होत नाही. गोळीने काळी होते ती फक्त शौच, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या, लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा-दुधाबरोबर नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. काळ्या-गोऱ्याच्या हौसेपायी बाईच्या अंगातलं रक्त कमी ठेवायचं, याला मी गैरसमज म्हणत नाही. याला अन्याय म्हणते.

गरोदर बाई आणि तान्हं बाळ

उष्ण आणि थंड. या दोन शब्दांनी आपल्या बायकांचं किती खाणं हिरावलं आहे! अंडं उष्ण, मासे उष्ण, मेथी उष्ण, पपई तर नावच काढू नका. दुसरीकडे दही थंड, केळं थंड, पेरू थंड. मग खायचं काय? वरण-भात आणि चहा.

पपईबद्दल नीट समजून घ्या. कच्च्या पपईच्या चिकाबद्दल सावध राहणं रास्त आहे, गरोदरपणात ती टाळावी. पूर्ण पिकलेल्या पपईने गर्भ पडतो याला आधार नाही. अंड्याने अंगात आग होत नाही. मे महिन्यातही अंडं तेवढंच पौष्टिक असतं जेवढं जानेवारीत, फक्त ताजं हवं आणि नीट शिजलेलं हवं. ज्या दिवसांत दोन जिवांसाठी खायचं, त्याच दिवसांत ताट अर्धं करणारा समज कुठून आला असेल, याचा विचार तुम्हीच करा.

बाळंत झाल्यावर पहिलं पिवळसर, घट्ट दूध येतं. काही घरांत अजूनही ते 'खराब' म्हणून पिळून टाकतात. तो बाळाचा पहिला बचाव आहे, त्यात रोगांशी लढणारी द्रव्यं असतात. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यायला हवं, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. पाणीसुद्धा नको, उन्हाळ्यातही नको. आणि बाळंतिणीला मात्र पाणी भरपूर हवं. 'पाणी प्यायल्याने पोट सुटतं' म्हणून तिची तहान मारू नका, दूध तिच्याच अंगातून यायचं आहे.

इथं एक नाजूक गोष्ट बोलते. कुणाच्या घरी बाळाला मधात सोनं उगाळून चाटवतात, कुणाच्या घरी शहद किंवा खजूर चाटवतात. दोन्हीकडे भावना प्रेमाचीच असते. पण मधात काही वेळा एका जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाला त्याने काही होत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. म्हणून एक वर्षापर्यंत मध नाही, हे घरातल्या मोठ्यांना आदराने सांगा. 'डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय' म्हणा हवं तर. बाळाला जवळ घ्यायला, त्याच्या कानात अजान द्यायला, त्याचं नाव ठेवायला मधाची गरज नाही.

मासे, दूध आणि कोड

हा समज मी मुस्लिम मोहल्ल्यात ऐकला आहे, वारकऱ्यांच्या घरीही ऐकला आहे. मासे खाल्ल्यावर दूध प्यायलं की अंगावर पांढरे डाग येतात. कोड ज्याने येतं त्याचा पोटाशी संबंध नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात, पुष्कळदा शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच त्यांच्यावर उलटते. युरोपात मासे दुधामलईत शिजवून खातात, तिथं काही गावंच्या गावं पांढऱ्या डागांची झालेली नाहीत.

मासे आणि दूध वेगवेगळं खाल्लं तर कुणाचं काही जात नाही, मग हा समज कशाला खोडायचा? कारण त्याच्या पोटात दुसरा समज आहे. ज्याला कोड आलं त्याने, किंवा त्याच्या आईने, काहीतरी चुकीचं केलं असेल. कोड स्पर्शाने होत नाही. ते म्हणजे कुष्ठरोग नव्हे. तरीही हातावर बोटभर डाग दिसला म्हणून मुलींची ठरलेली लग्नं मोडतात. या समजाची किंमत त्या मुलीला विचारा.

गोश्त, अंडं आणि दोन्हीकडचे हट्ट

आता आपल्याच घरात डोकावू. गोश्त नसेल तर ते जेवण नव्हे, असं आपल्यात पुष्कळ जण मानतात. पाहुणे आले आणि डाळ वाढली तर नाक कापलं जातं. दुसरीकडे गोश्त खाणारा माणूस तापट, क्रूर होतो असं मानणारेही आहेत. दोन्ही समज सारखेच निराधार आहेत. राग ताटातून येत नाही. आणि ताकद फक्त गोश्तातून येत नाही, ती डाळीतून, दाण्यांतून, दुधातूनही येते. जे शाकाहारी आहेत त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की बी-१२ हे जीवनसत्त्व भाजी-धान्यांतून मिळत नाही, त्यासाठी दूध-दही नियमित हवं, नाहीतर डॉक्टरांना विचारून गोळी. आणि जे मांसाहारी आहेत त्यांनी पाहावं की आठवड्यातून चारदा तेलाचा तवंग आलेलं सालन आणि भाजी शून्य, हे ताटही आजारी आहे.

हाड मोडलं की पायाचा सूप. चव उत्तम, थंडीत तर विचारूच नका. पण हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही. कॅल्शियम हवं तर ते आपल्या मावळच्या डोंगरउतारांवरच पिकतं: नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात सुमारे १२०. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही, पण भिजवून, मोड आणून केलेली आंबील किंवा भाकरी पुष्कळ देऊन जाते. आपण तिला गरिबीची निशाणी समजून सोडलं. मग २०२३ हे जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि नाचणी चकचकीत पाकिटात दामदुपटीने परत आली.

आणि शाळा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, जी मुलं खात नाहीत त्यांना केळं. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने त्यासाठीचा निधी थांबला. अंडा पुलाव आणि नाचणी सत्त्व द्यायचं तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून द्यावं, असं ठरलं. अंडं कुणी खावं, कुणी खाऊ नये यावर मोठी माणसं भांडली. ज्या पोराच्या घरी अंडं येत नाही, त्याला कुणी विचारलं नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन असतं. त्याला धर्म नसतो, जात नसते. ज्याला नको त्याला केळं मिळावं, ज्याला हवं त्याला अंडं मिळावं, इतका हा सरळ प्रश्न आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच असतात. तुमच्यापैकी किती जणी तिथं जातात? पुढच्या बैठकीला जा आणि हा विषय काढा.

उपवास आणि रोजा

थोडक्यात सांगते. साबुदाण्याची खिचडी हलकी नसते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यातलं खरं पोषण दाण्याच्या कुटाचं. उपवास करायचाच तर भगर, दही, फळं घ्या. इफ्तारला भजी, सामोसे आणि सरबताने सुरुवात केली तर दिवसभराच्या संयमावर पाणी पडतं. खजूर, पाणी, फळ, मग जेवण.

मधुमेह असलेल्यांनी रमजानच्या आधी महिनाभर डॉक्टरांना भेटावं, औषधांच्या वेळा बदलाव्या लागतात. बोटाला टोचून साखर तपासली की रोजा तुटतो, हा समज जिवावर बेतू शकतो. रोजा त्याने तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा आणि डॉक्टर सांगतात. साखर ७०च्या खाली गेली तर रोजा सोडायलाच हवा. आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत धर्मानेच दिली आहे. ती न घेणं म्हणजे जास्त धार्मिक असणं नव्हे.

आता करायचं काय?

तुम्हाला घरी न्यायला तीन कामं देते.

पहिलं, रक्त तपासा. वडगाव, कामशेत, कार्ला, टाकवे, कुठलंही गाव असो, जवळच्या आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी होते. आशाताई तुम्हाला घेऊन जाईल. पुरुषांनो, 'जा' म्हणून सांगू नका, सोबत जा.

दुसरं, संदेशाची उलटतपासणी करा. अमुक गोळी, अमुक पावडर, अमुक मीठ असा संदेश आला की पुढे ढकलण्याआधी बघा, शेवटी काही विकत घ्यायला सांगितलं आहे का? गुलाबी सैंधव मीठ घ्या. तेही मीठच, फक्त महाग, आणि त्यात आयोडीन वरून घातलेलं नसतं. आपल्यासारख्या डोंगराळ, धो धो पावसाच्या मुलखात जमिनीतलं आयोडीन धुऊन जातं. इथं साधं आयोडीनयुक्त मीठच बरं, आणि तेही दिवसाला चमचाभराच्या आत.

तिसरं काम सर्वांत अवघड आहे, कारण त्याला पैसे लागत नाहीत. आठवडाभर घरातल्या सगळ्यांनी एका वेळी जेवायला बसा. दस्तरखानावर बसा नाहीतर टेबलावर, पण जिने रांधलं तिने सर्वांबरोबर बसायचं. भांडं तळाला गेल्यावर उरलेल्या रश्श्यात चपाती बुडवून तिने जेवण उरकायचं नाही. बोटी, अंडं, दुधावरची साय, जे काही असेल ते मुलाला आणि मुलीला सारखं वाढायचं. बघा जमतं का. पहिल्या दिवशी सासूबाई नाराज होतील, दुसऱ्या दिवशी अब्बांना पाणी कोण आणून देणार यावर खळखळ होईल. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणेल, अरे, डाळ आज कमी पडली. तेव्हा घराला कळेल की डाळ रोजच कमी पडत होती, फक्त ती कुणाला पडत होती हे दिसत नव्हतं.

तुमचे प्रश्न ऐकायला मी थांबले आहे.